तिसरी घंटा

शेवटची फेरीबोट धोपाव्याहून परतली
की दिलावरचाचा सोलकर माझ्या दुकानात येतात.
सातबारा नको असतो, झेरॉक्स नको.
दोन नंबरचा कॉम्प्युटर, अर्धा तास, वीस रुपये
मुठीत आधीच मोजलेले.

पडद्यावर उजळतं जुनं पिनबॉलचं टेबल,
वरच्या काचेवर सर्कशीतली निळ्या झग्यातली बाई.
साडेसहा अंशांचा उतार, मला सेटिंगमध्ये दिसतो.
चाचा म्हणतात, "आपल्या जेट्टीच्या उतारापेक्षा कमी, बाय.
पन गोळी जाते खालीच."

डावी शिफ्ट. उजवी शिफ्ट.
गोळी वर जाते, टोप्यांमध्ये ठेचकाळते,
आकड्यांची चाकं फिरतात,
चाकं म्हणजे चाकांचं चित्र.
ती मधोमध घरंगळायला लागली
की चाचा कमरेने टेबलाला ढुशी देतात.
माझं लाकडी टेबल हलतं, चहा बशीत सांडतो,
पडद्यातल्या टेबलाला काहीच कळत नाही.
"धक्क्यासाठी स्पेसबार आहे, चाचा."
"म्हाईत हाय," म्हणतात,
आणि पुन्हा कमरेनेच.

शेवटी पडदा नाव विचारतो, तीन अक्षरांचं.
ते भरत नाहीत.
यादीत दहाच्या दहा ए ए ए.
"तिकडं पुढच्यानं नाणं टाकलं
की मागच्याचा आकडा पुसला. तेच बरं."

तिकडं म्हणजे अँटवर्प, सत्त्याहत्तर साल.
चाचा इंजिनावर तेलवाले,
बोट गोदीत अडकलेली अकरा रात्री,
आणि खलाशांच्या क्लबात हेच टेबल.
बोटीवर पायाखालची जमीन
कधी एका जागी नसायची,
त्या टेबलाचा उतार मात्र रोज तोच.
म्हणून आवडायचं, म्हणाले.
आणि घंटा. शंभराची एक, हजाराची एक,
तिसरी दहा हजारांची.
पण वर माडीवर बारवाल्याची बायको बाळंतीण,
म्हणून त्याने तिसरीत फडकं कोंबलेलं.
टण्. टण्. थप्.

दोन महिन्यांत माझ्या दोन्ही शिफ्ट गेल्या.
दोन नंबरवर ळ उमटेना, ण उमटेना.
प्रज्ञेश भाटकरच्या अर्जात गाव पडलं दाभोल,
नळपाणी योजनेची झाली नलपानी.
ग्रामसेवकांनी लाल पेनाने
दोन ळ आणि एक ण भरले,
माझ्याकडे चष्म्यावरून पाहिलं.
मग गेले चिपळूणला.
कीबोर्ड घेतला, आणि उरलेल्या पैशात,
उगाच,
एक स्पीकर.

त्या रात्री खाडीला भरती होती,
पाणी धक्क्याच्या पायऱ्या चाटत होतं.
टण्.
चाचांनी माझ्याकडे बघितलं, काही बोलले नाहीत.
टण्.
आणि मग, बारीक, वरच्या पट्टीतली, लांबत गेलेली
तिसरी.

दोन्ही हात कीबोर्डावरून उचलले गेले.
गोळी सावकाश मधून खाली गेली,
कमर जागची हलली नाही.

शिमग्यातल्या नाटकाला तिसरी घंटा झाली
की आम्ही पोरं चटईवर गप्प व्हायचो
आणि पडद्याकडे बघत राहायचो.
तसेच बघत होते चाचा,
फक्त इथे पडदा आधीच उघडा होता
आणि बाई निळ्या झग्यात
पहिल्यापासून तिथेच उभी.

"ही अशी होती व्हय," म्हणाले.
किती तरी वेळाने:
"ती पोर आता पन्नाशीला आली असंल."
मी म्हटलं, असेल.
बाहेर कुणाचा तरी होडीचा दोर
धक्क्याच्या कड्याला करकरत होता.

नवी गोळी आली होती, वाट बघत होती.
चाचांनी बोटं शिफ्टवर ठेवली, परत उचलली.
"आवाज बारीक कर, बाय."
केला.
"आजून."

आता दहा हजारांची घंटा वाजली
तर ऐकायला मला
खुर्ची सरकवून
त्यांच्या जवळ जाऊन बसावं लागतं.